चर्चासत्र आणि मेळावा : नांदेड-लातूर परिसरातील अध्यापक व नोकरीच्या शोधातील पदवीधर यांच्या एकत्र येण्याचा विचार

१. विषयप्रवेश

महाविद्यालयाच्या मराठी विभागाने भरविलेल्या कोणत्याही चर्चासत्रात श्रोत्यांचे दोन वर्ग सहज ओळखता येतात. पहिला वर्ग सेवेत कायम असलेल्या अध्यापकांचा असतो. दुसरा वर्ग एम.ए., बी.एड., नेट किंवा सेट, क्वचित पीएच.डी.ही पूर्ण करून नेमणुकीची वाट पाहणाऱ्यांचा असतो. दोन्ही वर्ग निबंध वाचतात, नोंदणीशुल्क भरतात आणि समारोपानंतर प्रमाणपत्र घेऊन परततात. परंतु एकाच मजकुराच्या त्या प्रमाणपत्राचे प्रयोजन दोघांसाठी भिन्न असते. पहिल्याला ते पदोन्नतीच्या प्रस्तावाला जोडायचे असते. दुसऱ्याला ते मुलाखतीच्या धारिकेत ठेवायचे असते. एकत्र बसूनही या दोन वर्गांत आपापल्या व्यवसायाविषयी फारसे बोलणे होत नाही.

नोकरीच्या शोधातील पदवीधरांसाठी ‘रोजगार मेळावा’ किंवा ‘करिअर मार्गदर्शन शिबिर’ अशी स्वतंत्र आयोजने होतात. तेथे कारखाने, बँका, विमा कंपन्या, खासगी रुग्णालये यांचे प्रतिनिधी येतात; भाषा व वाङ्मयाच्या पदवीधराला काय करता येईल हे सांगणारा सहसा कोणी नसतो. म्हणजे चर्चासत्रात त्याच्या विषयाला स्थान आहे, पण त्याच्या उपजीविकेच्या प्रश्नाला नाही. मेळाव्यात उपजीविकेला स्थान आहे, पण त्याच्या विषयाला नाही. या दोन आयोजनांमधील अंतर कसे निर्माण झाले आणि ते कमी करण्यासाठी संयोजनाची कोणती रीत उपयोगी पडेल, याचा विचार नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञांचा विचार

माणसांनी हेतुपूर्वक एकत्र येण्याला मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. ‘सभा’ या शब्दात निर्णयाचा अधिकार सूचित होतो. ‘परिषद’ म्हणजे समान कार्यक्षेत्रातील जाणकारांची बैठक आणि त्यांची कायम संस्थाही. ‘अधिवेशन’ हे एखाद्या संस्थेचे ठरावीक काळाने भरणारे आयोजन असते. त्यात ठराव होतात. ‘संमेलन’ या शब्दात मिळण्याचा आनंद प्रधान आहे आणि श्रोतृवर्ग खुला आहे. ‘चर्चासत्र’ हा तुलनेने नवा व विद्यापीठीय शब्द होय. त्यात विषय, निबंध आणि वाद-संवाद अपेक्षित असतो. ‘कार्यशाळा’ या शब्दाने काहीतरी करून शिकण्याची अपेक्षा व्यक्त होते. ‘मेळावा’ हा शब्द मात्र जत्रेच्या जवळचा आहे. गर्दी हे त्याचे लक्षण आणि पुष्कळदा तेच त्याच्या यशाचे मापही असते.

हे भेद केवळ कोशापुरते नाहीत. संयोजक आपल्या कार्यक्रमाला जे नाव देतो त्यावरून श्रोत्याकडे तो कोणत्या नात्याने पाहतो हे कळते. परिषदेत येणारा सभासद असतो, चर्चासत्रात येणारा सहभागी असतो, मेळाव्यात येणारा उमेदवार असतो. सभासदाला मत असते, सहभागीला निबंध असतो, उमेदवाराला केवळ अर्ज असतो. गेल्या काही दशकांत शिक्षित तरुणाचा प्रवास सभासदत्वाकडून उमेदवारीकडे झाला, असे या शब्दांच्या आधारे म्हणता येईल.

३. पूर्वपीठिका

मराठीत व्यावसायिक स्वरूपाचे असे एकत्र येणे १८७८ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेपासून मोजण्याचा प्रघात आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुढाकार घेतलेल्या त्या सभेपासूनच पुढच्या साहित्य संमेलनांची परंपरा सांगितली जाते. १८८५ मध्ये अशाच सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून सहभाग नाकारला. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. आयोजनाच्या इतिहासात हे पत्र मूलभूत आहे; कारण सभा भरविणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न, म्हणजे येथे कोण येऊ शकत नाही आणि का, हा त्यात उपस्थित झाला आहे.

मराठवाड्यात या परंपरेला वेगळे वळण मिळाले. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी ही बहुसंख्यांची बोलण्याची भाषा असूनही उच्च शिक्षणाची भाषा नव्हती. सार्वजनिक सभांवर सरकारी परवानगीचे कडक बंधन होते. अशा स्थितीत वाचनालय, शाळा आणि परिषद ही तीन ठिकाणे समाजाच्या एकत्र येण्याची साधने बनली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. पुढील अधिवेशनांपैकी काही लातूर आणि नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरली. या चळवळीच्या नेतृत्वात शिक्षकांचे प्रमाण लक्षणीय होते. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे शिक्षक होते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अध्यापकाचा व्यवसाय आणि समाजाचा प्रश्न यांची तेव्हा फारकत झालेली नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९६३ मध्ये नांदेडला यशवंत महाविद्यालय, १९६१ पासून लातूरला दयानंद शिक्षण संस्थेची महाविद्यालये आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय, असा विस्तार होत गेला. या पहिल्या पिढीतील अध्यापकाचे व्यासपीठ पुष्कळदा महाविद्यालयाबाहेर होते. नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण या संदर्भात प्रातिनिधिक ठरते. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक आणि पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य राहिलेल्या कुरुंदकरांनी व्याख्यान हे विचाराचे साधन केले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या व्याख्यानांना कोणतेही प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. तरीही श्रोते येत, कारण ऐकण्यासारखे काही तेथे असे.

४. विद्यापीठीय काळ आणि नियमांचा प्रवेश

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या प्रशिक्षणाला नियमांची चौकट मिळाली. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना राबविली. नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि सेवेतील अध्यापकांसाठी उजळणी वर्ग पदोन्नतीशी जोडले गेले. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा होऊ लागली. सप्टेंबर १९९१ च्या नियमावलीने अधिव्याख्यातापदासाठी नेट किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. महाराष्ट्रात ही सेट परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठामार्फत घेतली जाऊ लागली. त्या पात्रतेविना १९९१ नंतर नेमल्या गेलेल्या अध्यापकांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे शासन, न्यायालय आणि संघटना यांच्यात फिरत राहिला. मराठवाड्यातील नव्याने निघालेल्या महाविद्यालयांना त्याची झळ विशेष लागली.

याच काळात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचे अभ्यासक डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरू होते. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे हिंगोली या जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठामुळे चर्चासत्रासाठी औरंगाबाद गाठण्याची गरज कमी झाली. किनवट, देगलूर, मुखेड, अहमदपूर, निलंगा, उदगीर अशा तालुक्यांच्या गावांतील महाविद्यालयेही चर्चासत्रे भरवू लागली. ग्रामीण भागातील अध्यापकाला निबंध वाचण्याची संधी प्रथमच आपल्या गावाच्या परिसरात मिळाली. हा लाभ कमी लेखता येणार नाही.

परंतु २०१० च्या नियमावलीने चित्र पालटले. शैक्षणिक कार्यमान निर्देशांकाच्या पद्धतीत आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास १०, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्य वा प्रादेशिक पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३ गुण ठरविण्यात आले. चर्चासत्राची ‘पातळी’ ही आता विचाराच्या खोलीची नव्हे, तर गुणांच्या संख्येची बाब झाली. परिणामी विषय गावाचा असला तरी नाव राष्ट्रीय ठेवण्याकडे कल वाढला. २०१८ च्या नियमावलीत हे गुण कमी करून परदेशातील परिषदेसाठी ७, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५, राष्ट्रीयसाठी ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीसाठी २ असे करण्यात आले. मूल्य घटले, पण गुणांची पद्धत टिकली. नियतकालिकांच्या दर्जासाठी आणलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. नियम बदलत राहतात; त्यांच्या आधारे उभे राहिलेले आयोजन मात्र नियम बदलताच निराधार होते, हा यातील धडा आहे.

५. चर्चासत्राच्या भाषेचे स्वरूप

चर्चासत्राची निमंत्रणपत्रिका आणि माहितीपत्रक हा एक वाङ्मयप्रकार मानून त्याची पाहणी केल्यास काही गोष्टी लक्षात येतात. पत्रिकेचा मोठा भाग नावांनी व्यापलेला असतो. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, बीजभाषक, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, संयोजक, समन्वयक आणि सल्लागार समिती अशी ही उतरंड असते. विषयाचे विवेचन एका परिच्छेदात संपते आणि त्यापुढे उपविषयांची यादी येते. ही यादी इतकी विस्तृत असते की संतसाहित्यापासून जागतिकीकरणापर्यंत कोणताही निबंध तीत बसावा. विषयाची मर्यादा आखणे हे संयोजकाचे पहिले वैचारिक कार्य होय. उपविषयांच्या यादीत ते सोडून दिलेले असते.

दुसरी गोष्ट वेळेच्या वाटणीची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, मनोगते, अध्यक्षीय भाषण आणि आभार यांत सकाळ निघून जाते. बीजभाषणाला उशीर होतो. निबंधवाचनाची सत्रे भोजनानंतर सुरू होतात आणि प्रत्येक वाचकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. चर्चेसाठी राखलेला वेळ सर्वप्रथम कापला जातो. ज्या आयोजनाच्या नावातच चर्चा आहे, त्यात चर्चेलाच वेळ उरत नाही, ही विसंगती नित्याची झाली आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची. सेवेतील ज्येष्ठ अध्यापक प्रथम वाचतात आणि वाचून झाल्यावर पुष्कळदा निघून जातात. तासिका तत्त्वावर काम करणारे व संशोधक विद्यार्थी शेवटी वाचतात. तेव्हा सभागृह रिकामे होत आलेले असते. ज्यांना ज्येष्ठांच्या अभिप्रायाची सर्वाधिक गरज, त्यांनाच तो मिळत नाही. सत्काराचा विधी मूळ परंपरेने आतिथ्याचा आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याने श्रवणाची जागा घेतली की आतिथ्याचा अर्थही उरत नाही.

६. नोकरीच्या शोधातील पदवीधर

चर्चासत्राच्या मागच्या रांगेत बसणाऱ्या पदवीधराची स्थिती समजून घेतल्याशिवाय संयोजनाचा विचार पूर्ण होत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात नोकरीचा मार्ग सेवायोजन कार्यालयातून जात असे. १९५९ च्या कायद्याने रिक्त पदांची सूचना या कार्यालयांना देणे बंधनकारक केले होते. नाव नोंदवावे, नूतनीकरण करावे आणि बोलावणे येण्याची वाट पाहावी, ही अनेक कुटुंबांतील परिचित दिनचर्या होती. खासगी शिक्षणसंस्थांचा विस्तार झाल्यावर वर्तमानपत्रातील ‘पाहिजेत’ ही जाहिरात महत्त्वाची ठरली. नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’ आणि औरंगाबादचे ‘मराठवाडा’ ही दैनिके या दृष्टीनेही वाचली जात.

‘पाहिजेत’ जाहिरातीची भाषा अत्यंत संक्षिप्त असते. विषय, पदसंख्या, आरक्षणाचा प्रवर्ग, पात्रता, मुलाखतीची तारीख आणि ‘मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे’ ही सूचना एवढाच तिचा मजकूर. ‘स्वखर्चाने’ हा शब्द उमेदवाराच्या जीवनाचा सारांश सांगतो. किनवटहून लातूरला किंवा निलंग्याहून नांदेडला जाणे म्हणजे एस.टी.चा दिवसभराचा प्रवास, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रमाणपत्रांच्या छायाप्रतींचा खर्च. जून-जुलैत महाविद्यालये सुरू होताना निघणाऱ्या तासिका तत्त्वावरील पदांच्या जाहिरातींत हाच मजकूर पुन्हा येतो आणि पुढच्या वर्षी त्याच पदासाठी तोच उमेदवार पुन्हा मुलाखत देतो.

शालेय शिक्षकांच्या बाबतीत मार्ग अधिक बदलला. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे अल्प मानधनावर काम करणे भाग पडले. हे मानधन दीर्घकाळ तुटपुंजे राहिले. २०२३ मध्ये ते वाढवून स्तरानुसार १६,०००, १८,००० व २०,००० रुपये करण्यात आले. १५ डिसेंबर २०१३ रोजी राज्याची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ‘पवित्र’ संगणकप्रणाली यांच्या द्वारे भरतीची पद्धत सुरू झाली. संस्थाचालकाच्या दारात जाण्याऐवजी गुणांच्या यादीत नाव शोधण्याची ही पद्धत तत्त्वतः न्याय्य आहे. परंतु चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर पडले. मे २०२० मध्ये वित्त विभागाने नव्या पदभरतीवर निर्बंध घातले. दरम्यान उमेदवाराचे वय वाढत गेले.

लातूरच्या संदर्भात आणखी एक पैलू आहे. दहावी-बारावीच्या निकालांनी प्रसिद्धीस आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला शिक्षणाची बाजारपेठ बनविले आणि नांदेडनेही हा मार्ग धरला. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांच्या अध्यापकांना मागणी आहे. भाषेच्या अध्यापकाला त्यात स्थान नाही. कनिष्ठ महाविद्यालयात दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा असल्याने अधिक गुणांच्या आशेने अनेक विद्यार्थी मराठी सोडतात. मराठीचा वर्ग लहान झाला की कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला की पद जाते. जो परिसर शिक्षणाच्या नावाने ओळखला जातो, त्याच परिसरात मराठीचा पदवीधर शिक्षणव्यवसायाबाहेर राहतो.

७. वाङ्मयातील प्रतिबिंब

मराठी कादंबरीने या प्रश्नाची दखल विद्यापीठांच्या आधी घेतली आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमालिकेतील चांगदेव पाटील हा एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाणारा प्राध्यापक आहे. त्याच्या निमित्ताने गावोगावच्या शिक्षणसंस्था, त्यांतील जातीय व आर्थिक हितसंबंध आणि अध्यापकाची अस्थिरता यांचे दर्शन घडते. चांगदेवला नोकरी मिळते, पण टिकावेसे वाटेल असे ठिकाण मिळत नाही. पुढील पिढीतील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधील एकनाथ हा उच्चशिक्षित शेतकरीपुत्र आहे. २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविल्या गेलेल्या या कादंबरीत शिक्षण घेऊनही नोकरी नाही आणि शिक्षणामुळे शेतीतही मन नाही, अशी कोंडी व्यक्त झाली आहे. ही कादंबरी विदर्भाच्या भूमीवरील असली तरी मराठवाड्याच्या वाचकाला ती परकी वाटत नाही.

या दोन नायकांमधील अंतर म्हणजेच पंचवीस-तीस वर्षांतील बदल होय. चांगदेवचा प्रश्न प्रतिष्ठेचा व मूल्यांचा आहे. एकनाथचा प्रश्न प्रवेशाचा आहे. चर्चासत्रांतून या कादंबऱ्यांवर निबंध वाचले जातात. त्यांतील शैली, बोली, ग्रामीण जाणिवा यांची चर्चा होते. परंतु निबंध वाचणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत अनेक एकनाथ बसलेले आहेत, या वस्तुस्थितीचा त्या चर्चेत उल्लेख होत नाही. वाङ्मयाचा जीवनाशी संबंध सांगणाऱ्या शास्त्राने आपल्याच सभागृहातील जीवनाविषयी मौन पाळावे, हे चिंत्य आहे.

८. संयोजनाची दिशा

चर्चासत्र आणि मेळावा या दोन आयोजनांची उद्दिष्टे एकत्र आणणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा नियोजनातील काही निश्चित निर्णय अधिक उपयोगी ठरतील.

पहिला निर्णय काळाचा. अनुदानाचे वर्ष मार्चअखेर संपत असल्याने चर्चासत्रांची गर्दी जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. हाच काळ परीक्षांचाही असतो. उलट तासिका तत्त्वावरील नेमणुका जून-जुलैत होतात. पदवीधरांच्या उपयोगाचे आयोजन एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी, म्हणजे जाहिराती निघण्यापूर्वी झाले पाहिजे. उन्हाची तीव्रता लक्षात घेता सकाळच्या सत्रांचे दोन अर्धे दिवस हे एका पूर्ण दिवसापेक्षा सोयीचे.

दुसरा निर्णय स्थळाचा. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या ठिकाणांबरोबरच उदगीर, देगलूर, अहमदपूर यांसारखी मध्यवर्ती गावे निवडल्यास दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना एका दिवसात परत जाता येते. एप्रिल २०२२ मध्ये उदगीर येथे भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या प्रांगणात भरले. तालुक्याच्या गावातील महाविद्यालय मोठे आयोजन पेलू शकते, हे त्याने दाखविले. त्याच काळात त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही भरले. फुल्यांनी १८८५ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न जिवंत असल्याची ती खूण होती.

तिसरा निर्णय शुल्काचा. कायम सेवेतील अध्यापक, तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि बेरोजगार पदवीधर यांना एकच नोंदणीशुल्क लावणे हे समतेचे नव्हे, विषमतेचे लक्षण आहे. तिसऱ्या गटाला शुल्कमाफी द्यावी आणि शक्य तेथे एस.टी.चे भाडेही द्यावे. एका सत्कारसमारंभाचा खर्च वाचविल्यास हे अशक्य नाही.

चौथा निर्णय क्रमाचा. नवोदितांचे वाचन सकाळच्या पहिल्या सत्रात ठेवावे आणि प्रत्येक निबंधावर एका ज्येष्ठ अध्यापकाने लेखी अभिप्राय द्यावा. निबंधांची संख्या मर्यादित ठेवून प्रत्येकास पंधरा मिनिटे वाचन व दहा मिनिटे चर्चा, असा नियम पाळावा. या हिशेबाने अडीच तासांच्या सत्रात सहाच निबंध बसतात. सहा निबंध नीट ऐकले जाणे हे साठ निबंध नोंदविले जाण्यापेक्षा श्रेयस्कर आहे.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय आशयाचा. चर्चासत्रातील किमान एक सत्र मराठीच्या पदवीधराच्या व्यवसायासाठी असावे आणि त्यात उपदेशापेक्षा माहितीला प्राधान्य असावे. भाषा संचालनालयातील अनुवादाचे काम, पाठ्यपुस्तक मंडळ व विश्वकोश मंडळातील संपादन, मुद्रितशोधन, आकाशवाणी व वृत्तपत्रे, न्यायालयीन व महसुली कागदपत्रांचे भाषांतर या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बोलवावे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतील मराठी साहित्य हा ऐच्छिक विषयही या चर्चेत यावा. महाराष्ट्राच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने वाङ्मयाच्या विद्यार्थ्याच्या लेखनकौशल्याला तेथे वाव मिळाला आहे. सीमाभागाची भाषिक संपत्ती हाही येथील विशेष होय. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, सर्वत्र उर्दू, तांड्यांवर गोरमाटी आणि किनवटकडे गोंडी या भाषा कानावर असलेला पदवीधर अनुवाद व बोलीसंकलनाच्या कामासाठी घडविता येतो. निजामकाळातील महसुली कागदपत्रे वाचण्यासाठी उर्दू लिपी जाणणाऱ्यांची गरज आजही भासते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ती ठळकपणे दिसली.

या सत्रात एक पथ्य पाळावे लागेल. मार्गदर्शनाच्या नावाखाली खोटी आशा विकली जाऊ नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यानंतर नोकऱ्यांची दारे उघडतील असे अनेक व्यासपीठांवरून सांगितले गेले. दर्जामुळे संशोधनाला बळ मिळू शकते. परंतु दर्जा म्हणजे पदभरती नव्हे. किती पदे मंजूर आहेत, किती रिक्त आहेत, कोणत्या परीक्षेची जाहिरात केव्हा निघाली याची खरी माहिती फलकावर लावणे हे दहा प्रेरणादायी भाषणांपेक्षा अधिक उपकारक ठरेल. अध्यापनाचा मार्ग अरुंद आहे हे विद्यार्थ्याला एम.ए.च्या पहिल्या वर्षी सांगणे ही विभागाची नैतिक जबाबदारी आहे, पीएच.डी.नंतर सांगण्यात तिची पूर्तता होत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मराठवाड्यात अध्यापकांचे एकत्र येणे हे मुळात सामाजिक गरजेतून निर्माण झाले. शाळा, वाचनालय आणि परिषद ही त्याची आरंभीची केंद्रे होती.

(२) १९८७ नंतरच्या प्रशिक्षण योजना आणि विशेषतः २०१० ची गुणपद्धती यांमुळे चर्चासत्रांची संख्या वाढली, परंतु चर्चेचा अवकाश संकोचला. याचा दोष एकट्या संयोजकावर टाकता येत नाही. पदोन्नतीच्या नियमांनीच त्याला त्या दिशेने ढकलले आहे.

(३) १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने तालुक्यापर्यंत चर्चासत्र पोहोचले. ही उपलब्धी टिकवून तिचा आशय बदलणे आवश्यक आहे.

(४) रोजगार मेळावे व शिकवणी वर्गांच्या अर्थव्यवस्थेत मराठीच्या पदवीधराला स्थान नाही. म्हणून त्याच्या उपजीविकेचा विचार करण्याची जबाबदारी मराठी विभागांवरच येते.

(५) काळ, स्थळ, शुल्क, क्रम आणि आशय या पाच बाबींत निश्चित निर्णय घेतल्यास उपलब्ध साधनांतही चर्चासत्र हे अध्यापक आणि पदवीधर या दोघांच्या उपयोगाचे होऊ शकते.

चर्चासत्राचे यश आजवर उपस्थितांची संख्या, निबंधांची संख्या आणि प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची पृष्ठसंख्या यांनी मोजले गेले. त्याऐवजी समारोपानंतर एक वर्षाने, त्या सभागृहात बसलेल्या किती नवोदितांचा निबंध सुधारून प्रसिद्ध झाला आणि कितींना आपल्या विषयाच्या आधारे काम मिळाले, याची नोंद विभागाने ठेवावी. ही नोंदवही आरंभी फार भरलेली नसेल. पण तीतील रिकाम्या जागा विभागाला पुढील आयोजनाचा विषय कोणता असावा, हे नेमके सांगतील.